चौदावा रकाना

ट्रक चालवायला काय लागतं असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, ट्रक लागतो. यावरून एवढंच कळतं की तुम्ही अलीकडे कुठे नोकरीचा अर्ज केलेला नाही. ट्रक ही सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू आहे. त्याआधी सहा पानी अर्ज लागतो, चार फोटो लागतात, दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांची नावं लागतात (ती मिळवताना तर घामच फुटतो), आणि शिक्षण संपल्या दिवसापासून आजपर्यंत माणूस नेमकं काय करत होता, हे एकही महिना न गाळता लिहून द्यावं लागतं. सातबाऱ्यावरसुद्धा इतकी चौकशी नसते.

हा सहा पानी अर्ज होता खामगावच्या मातोश्री जनकाबाई रोडलाइन्सचा. मालक अर्जुनराव. त्यांनी तीस वर्षं 'कोणाचा बे तू?' एवढ्या एका प्रश्नावर ड्रायव्हर नेमले आणि त्यांचं काही अडलं नाही. पण त्यांची मुलगी प्रतीक्षा पुण्याहून एमबीए करून परतली आणि तिने पहिल्याच महिन्यात ड्रायव्हर ही जातच नष्ट केली. पेपरात जाहिरात आली: 'लॉजिस्टिक्स पायलट पाहिजेत. सुशिक्षितांस प्राधान्य. गणवेश, विमा, पीएफ.'

बुलढाण्याच्या शिक्षक कॉलनीत ती जाहिरात रामरावांनी वाचली आणि लाल शाईने तिच्याभोवती चौकट काढली. रामराव एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात 'ड्रायव्हर' हा शब्द फक्त एसटीच्या बाबतीत निघत असे, तोही एसटी उशिरा आली तर. पण पायलट! त्यांचा मुलगा अविनाश, वय सदतीस, एम.ए., बी.एड., गेली काही वर्षं घरीच होता. या अवस्थेला रामराव 'विचाराधीन' म्हणत. त्यांनी संध्याकाळी फाटकाशी उभं राहून कॉलनीला कळवलं, "अविनाश पायलटमध्ये लागून राह्यला."

"विमान?" शेजारच्या गुलाबरावांनी विचारलं.

"लॉजिस्टिक्स," रामराव म्हणाले. गुलाबरावांना तो शब्द ठाऊक नव्हता, त्यामुळे ते गप्प बसले. शिक्षक कॉलनीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं.

अर्जाचे पहिले तेरा रकाने अविनाशने तासाभरात भरले. चौदाव्यापाशी पेन थांबलं. तिथे छापलं होतं: 'शिक्षण पूर्ण झाल्यापासून आजपर्यंतच्या कामाचा तपशील. तीस दिवसांपेक्षा अधिक खंड असल्यास त्याचे कारण.' आणि खाली बारीक अक्षरात: 'अवजड वाहनाचा तीन वर्षांचा अनुभव नसल्यास पहिले वर्ष सहायक पायलट म्हणून काम करावे लागेल.' सहायक पायलट म्हणजे क्लीनर. प्रतीक्षाने नाव बदललं होतं, काचा पुसायचं फडकं तेच होतं.

इथे वाचकांना विश्वासात घेतलं पाहिजे, कारण अविनाशने घरात कुणालाच घेतलं नव्हतं.

दोन हजार तेरा साली तो पुण्याला एका कंपनीत लागला. ती कंपनी तीन महिन्यांत गुंडाळली गेली. पण इकडे रामरावांचे कॉलनीत पेढे वाटून झाले होते, आणि वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत. तेव्हा रोहिणखेडचा शालिग्राम त्याला भेटला. शालिग्रामचा दहा चाकी ट्रक चाकणला उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर भांडून निघून गेला होता. पिंपळगाव राजाला मामाकडे ट्रॅक्टर हाकून अविनाशचा हात बसलेला. तो दोन महिने क्लीनर म्हणून बसला, मग रीतसर लायसन काढलं, आणि पुढची पाच वर्षं त्याने तो ट्रक चालवला. कापसाच्या गाठी घेऊन कोइमतूर, कांदा घेऊन गुवाहाटी, मिरची घेऊन लुधियाना. घरचा फोन आला की तो म्हणे, मीटिंगमध्ये आहे. मागे हॉर्न वाजले की म्हणे, पुण्यात ट्रॅफिक फार. ती पाच वर्षं त्याला मनापासून आवडली होती, आणि हे तो कुणालाही सांगू शकत नव्हता.

मग त्याच्या लग्नाचं निघालं. रामरावांनी बायोडाटा स्वतः टाईप केला: 'असिस्टंट मॅनेजर, खाजगी कंपनी, पुणे.' मलकापूरकडची रुपाली पसंत पडली, आणि त्याच आठवड्यात रामरावांनी हुकूम सोडला की आता पुणं सोडायचं आणि घरी यायचं. अविनाश आला. मग आठ महिने झेरॉक्सचं दुकान, तीन महिने विमा एजंट, बाकी विचाराधीन. रुपाली मात्र सात वर्षं कॉलनीतल्या बायांना सांगत होती, "यायनं आईबाबासाठी पुण्याची एसी केबिन सोडली." गुलाबरावांच्या शालूबाईंना तर हे वाक्य पाठ झालं होतं.

तेव्हा पेच असा होता. चौदाव्या रकान्यात खरं लिहिलं तर अविनाश उद्या पायलट. पण अर्जावर घरातल्या एकाची सही लागत होती, म्हणजे रुपालीला कळणार. खोटं लिहिलं तर रुपालीची एसी केबिन शाबूत. पण सदतिसाव्या वर्षी अविनाश कुणातरी पंचवीस वर्षांच्या पोराच्या काचा पुसणार. ज्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव होता, त्याच कामाला तो अनुभव नसलेला उमेदवार म्हणून निघाला होता. एवढी अक्कल एम.ए. केल्याशिवाय येत नाही.

आधी लायसन. जुनं लायसन लोखंडी पेटीच्या तळाशी केव्हाच मुदत संपून पडलं होतं. पुन्हा परीक्षा द्यायची होती, आणि त्याआधी मोटार स्कूल. इथपर्यंत ठीक होतं. पण रामराव रोज शिकवणीला सोबत येऊ लागले. मुलगा काही शिकतो आहे आणि बापाने लक्ष ठेवलं नाही असं त्या घरात झालेलं नव्हतं. रामराव निघाले म्हटल्यावर गुलाबरावही निघाले. स्कूलचा ट्रक लांब केबिनचा होता. मागच्या बाकावर हे दोघं निवृत्त गृहस्थ छत्र्या मांडीवर घेऊन बसत.

आता अविनाशला वाईट चालवणं भाग होतं. चांगलं चालवायला फक्त सराव लागतो; वाईट चालवायला मन मारावं लागतं. ज्याने भरलेली गाडी भर धुक्यात घाट उतरवली होती, तो शिक्षक कॉलनीच्या कोपऱ्यावर इंजिन बंद पाडत होता, गिअर खरडत होता, आणि शिकवणाऱ्या शिवम मास्तरची बोलणी खात होता. शिवम मास्तर सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला तोंड आवरण्याची सवय नव्हती.

"सर, क्लच आहे तो, बाजाची पेटी नाई. दाबा, आन हळू सोडा. तुम्ही घरी काय करता?"

"सध्या घरीच असतो."

"वाटलंच मले."

"अविनाश, स्टिअरिंग ढिलं धर," मागून गुलाबराव. "मी एकोणनव्वदपासून लुना चालवून राह्यलो. गाडी अंगावर घ्यायची नसते."

पाचव्या दिवशी राजूर घाटात वळणावर समोरून एसटी आली आणि तिच्या मागून एक जीप बाहेर निघाली. विचार करायला वेळ नव्हता. अविनाशच्या हातापायांनी अविनाशला न विचारता काम केलं: दोन गिअर खाली, गाडी दरडीपासून चार बोटांवरून काढली, जीप सुखरूप निघून गेली. शिवम मास्तरच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा तसाच राहिला. "सर," तो म्हणाला, "हे कुठं शिकले?"

अविनाशला प्रसंगाचं गांभीर्य कळलं. त्याने लगेच रस्त्याच्या मधोमध गाडी बंद पाडली.

"नशीब!" गुलाबराव म्हणाले. "मी स्टिअरिंग ढिलं धर म्हणलं म्हणून वाचलो." रामराव खिडकीतून बाहेर दरीकडे पाहत होते.

लायसन आलं. अविनाशने ते पाकिटात ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. पुण्याच्या पाच वर्षांचा कागद नाही असं सांगून अविनाशने चौदावा रकाना मात्र तसाच कोरा ठेवला होता, आणि आता तो साऱ्या कॉलनीचा प्रश्न झाला. दुसऱ्याच्या रिकाम्या वर्षांविषयी बोलायला शिक्षक कॉलनीत कुणालाही वेळ कमी पडत नाही. गुलाबराव रोज चहाच्या वेळी येत, म्हणजे आधीही येत, पण आता कारण होतं.

"कावीळ लिही," ते म्हणाले. "काविळीवर कोणी शंका घेत नाई."

"पाच वर्षं कावीळ?" अविनाशने विचारलं.

"उलटली म्हणायची. नाईतर स्पर्धा परीक्षा लिही. पाच काय, दहा वर्षंही चालतात."

रुपाली आतून बाहेर आली. "काऊन लिहावं खोटंनाटं? पाच वर्षं हे असिस्टंट मॅनेजर होते. कंपनीचं लेटर आणा, लावा अर्जाले. कायची कावीळ?"

"कंपनी बंद झाली," अविनाश म्हणाला. सगळ्या चर्चेत त्याच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य होतं, आणि नेमकं त्यानेच घात केला.

"मग तर सोपं काम आहे!" गुलाबराव उभेच राहिले. "बंद कंपनीले विचारायले कोण जाईन? माह्या ओळखीचा प्रेसवाला आहे. सकाळी दिलं की संध्याकाळी लेटर."

अविनाशला वाटलं, रामराव तरी हरकत घेतील. अर्जात खोटं लिहिणाऱ्याला सात पिढ्या क्षमा नाही, असं ते नोकरीत असताना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण रामरावांनी चष्मा लावला, कागद ओढला आणि एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता मसुदा लिहिला: 'प्रमाणित करण्यात येते की, सदर इसम हे आमच्या आस्थापनेवर असिस्टंट मॅनेजर या पदावर कार्यरत होते. कार्यालयीन अभिलेखानुसार त्यांची वर्तणूक समाधानकारक होती.' रुपालीने तो दोनदा वाचला आणि तिचा चेहरा असा उजळला की अविनाशने स्वतःच तो मसुदा गुलाबरावांच्या हातात दिला.

गुलाबरावांच्या ओळखीचा प्रेसवाला लग्नपत्रिका छापत असे. ही गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, आणि त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीही नव्हती. संध्याकाळी जे अनुभव प्रमाणपत्र आलं ते फिकट गुलाबी, जाड, किंचित सुगंधी कागदावर सोनेरी अक्षरांत होतं. वर गणपती, दोन्ही बाजूंना मोर, कडेने आंब्याच्या पानांचं तोरण. मधे रामरावांचा सरकारी मजकूर. आणि अगदी तळाला, जुन्या पत्रिकेतून काढायची राहून गेलेली ओळ: 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! – पिंटू, सोनू, परी.'

"खालून कापून टाकू," गुलाबराव म्हणाले. रामरावांनी पट्टी लावून कात्रीने कापलं. प्रमाणपत्र दोन इंच आखूड झालं. मोर कापता येण्यासारखे नव्हते.

खामगावला ट्रान्सपोर्टच्या आवारात अविनाश पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात फाईल घेऊन पोचला. आधी आठ उमेदवार होते, तेव्हा दोन तास बसायला लागलं. समोर एक भरलेला ट्रक उभा होता आणि त्याच्यावरची ताडपत्री कुणीतरी अशी बांधली होती की अविनाशला तिच्याकडे पाहवेना. दोर ढिला, कोपरा उघडा, पहिल्या पुलावर वारं शिरून ताडपत्री फुगणार आणि माल भिजणार हे उघड दिसत होतं. त्याने मान फिरवली. परत वळवली. पंधरा मिनिटं त्याने स्वतःला समजावलं की तू पुण्याचा असिस्टंट मॅनेजर आहेस. सोळाव्या मिनिटाला तो उठला, फाईल खुर्चीवर ठेवली, दोर सोडला, गाडीच्या अंगाला पाय टेकवून सगळा जोर लावून ओढला आणि आकड्याला ती गाठ मारली, जी ओढलं की आवळते आणि एका झटक्यात सुटते. मग जाता जाता तिथेच पडलेल्या टॉमीच्या लोखंडी दांड्याने सहा चाकं ठोकून आवाज ऐकला. पाचव्यात हवा कमी होती. तसं त्याने तिथे उभ्या असलेल्या माणसाला सांगितलंही, आणि शर्टावरचे काळे डाग झाकत परत खुर्चीवर येऊन बसला. निंबाखाली खाटेवर एक धोतर नेसलेले वयस्कर गृहस्थ चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली होती.

आत प्रतीक्षाने प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटं केलं, नाकाशी नेलं. "सर, हे कंपनीचं लेटर आहे?"

"जरा पारंपरिक कंपनी होती," अविनाश म्हणाला. आपण एवढं निर्लज्ज होऊ शकतो हे त्यालाही नव्यानेच कळत होतं.

"असिस्टंट मॅनेजर होते तुम्ही. मग ड्रायव्हर काऊन व्हायचं?" घाईत तिच्या तोंडून जुना शब्द निघून गेला. "म्हणजे, पायलट."

"आवड," अविनाश म्हणाला.

तिने काहीतरी लिहून घेतलं आणि लायसनची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढून ठेवली. "गाडीचा अनुभव शून्य, म्हणजे नियमानं सहायक पायलट. पण पप्पा म्हणतात आधी घरभेट करू. लांबच्या रूटवर जाणाऱ्याच्या घरच्यांची संमती घ्यायची, असं आम्ही ठरवलं आहे. रविवारी येतो."

घरभेट म्हणजे काय, याची शिक्षक कॉलनीला माहिती नव्हती. पण बाप आणि लेक रविवारी घरी येणार, मुलाला बघणार, घरच्यांशी बोलणार आणि मग कळवणार, एवढं कानावर पडल्यावर आणखी माहितीची गरजच उरली नाही. अशा वेळी काय करायचं असतं हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. सोफ्यावर नवी चादर आली. शालूबाईंकडून काचेच्या बश्या आल्या. गुलाबराव अर्जातले प्रतिष्ठित शेजारी या नात्याने इस्त्रीचा सदरा घालून मधल्या खुर्चीत बसले. अविनाशच्या आईने, सरस्वतीबाईंनी, पोहे केले आणि ऐन वेळी ट्रे अविनाशच्याच हातात दिला. ज्याला बघायला आले त्याने पोहे न्यायचे, एवढाच अर्थ त्यांना लागला होता. सदतीस वर्षांचा, दाढी केलेला, मान खाली घातलेला अविनाश बैठकीत ट्रे घेऊन आला. अर्जुनराव खाटेवरचेच गृहस्थ होते हे त्याने पाहिलं आणि ट्रे नेमका त्यांच्यासमोरच ठेवून तो मागे सरला.

"मुलगा निर्व्यसनी आहे," गुलाबरावांनी सुरुवात केली. "लहानपणापासून पाहून राह्यलो मी. नाकासमोर चालणारा."

"नाकासमोर चालणारा घाटात काय कामाचा?" अर्जुनराव म्हणाले. त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "पुण्याच्या केबिनमधी ताडपत्री बांधाले शिकवतात काय हो?"

कुणाला काही समजलं नाही. अविनाशला समजलं.

"परवा यानं माह्या गाडीले गाठ मारली. तीस वर्षं झाले मले या धंद्यात. ती गाठ पुस्तकात नाई शिकवत, आन दोन महिन्यात बसत नाई. चाकं ठोकून म्हणते, पाचव्यात हवा कमी. मोजली मी. कमी होती." त्यांनी बशी खाली ठेवली. "कोणाच्या गाडीवर होता बे तू?"

प्रतीक्षाने फाईलमधून लायसनची झेरॉक्स काढली. "मागच्या बाजूला आहे, पप्पा. अवजड वाहन, पहिल्यांदा दिलं ते दोन हजार तेरा साली."

रुपाली आतल्या दारात उभी होती. अविनाशने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की आता आणखी एक खोटं बोलता येईल. ते चाललंही असतं, कारण या घरात सगळं चालत होतं. पण त्याला काचा पुसायच्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्या एसी केबिनमध्ये बसून तो फार थकला होता.

"शालिग्रामभाऊ, रोहिणखेडवाले," तो म्हणाला. "पाच वर्षं. पुण्याची नोकरी तीन महिन्यात गेली होती. मॅनेजर मी कधीच नव्हतो."

"म्हणजे केबिन...?" गुलाबराव म्हणाले.

"ट्रकची होती."

रुपाली पुढे आली. "पाच वर्षं तुम्ही गाडीवर होते? कुठं कुठं गेले?"

"गुवाहाटी. लुधियाना. कोइमतूर, कोची."

"कोचीले समुद्र असते ना?"

"असते."

"आन मले सात वर्षात शेगावच्या पुढं नाई नेलं!" तिचा आवाज असा चढला की प्रतीक्षाने चमचा खाली ठेवला. "कुठं जायचं म्हटलं की यायले गाडी लागते! मळमळते! लिंबू चोखत बसते हा माणूस एसटीत! कोचीले जाऊन आलेला!"

"रुपाली, पाहुणे आहेत," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"असू द्या. बायाईसमोर मी एसी केबिन, एसी केबिन करत राह्यली. शालूकाकू हासत असतीन मले." तिने डोळ्यांना पदर लावला. "मले ट्रकचा राग नाई आला. ट्रक ऐकून मी निघून जाईन असं तुम्हाले वाटलं, त्याचा आला. एवढीच ओळखली तुम्ही मले?"

अविनाशला लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम वाटणं बरोबर दिसत नाही म्हणून तो चपलांकडे पाहत राहिला.

प्रतीक्षाने घसा साफ केला. माणसांचं काहीही होवो, रकाना भरलाच पाहिजे, हे तिला पुण्यात दोन वर्षं शिकवलं होतं. "म्हणजे तेरा ते अठरा चालक. अनुभव पाच वर्षं. तुम्ही सरळ पायलट व्हाल, सर, काही प्रश्न नाही. पण पुढचा खंड उरतोच. अठरापासून आजपर्यंत. झेरॉक्स आठ महिने, विमा तीन महिने, एवढं तुम्ही लिहिलं आहे. बाकी सहा वर्षांचं कारण लिहावं लागते."

"कावीळ!" गुलाबराव म्हणाले. यावेळी त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"एवढं चांगलं काम येत होतं, तर सोडलं काऊन?" अर्जुनरावांनी विचारलं.

"लग्न ठरलं."

"माह्यावर ढकलू नोका," रुपाली म्हणाली. "मी कधी म्हटलं सोडा म्हणून? मले माहीतच नव्हतं तर मी काय सोडाले लावीन?"

ते खरं होतं. खरं कारण अविनाशला ठाऊक होतं, पण ते बैठकीत समोरच्याच खुर्चीत बसलेलं होतं, आणि मुलाने ते उच्चारायचं नसतं.

"पेन द्या," रामराव म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, अर्ज मांडीवर घेतला आणि वर न पाहता बोलू लागले. "मी याले पाह्यलं होतं. सतरा सालच्या हिवाळ्यात. हिच्याच स्थळाच्या बोलणीले मलकापूरले चाललो होतो. नाक्यावर एसटी थांबली. समोर ट्रक. त्याच्यावर हा उभा, अंगात बनियान, दोर ओढून राह्यला होता. खालच्या माणसाले काहीतरी बोलला आन असा हासला... घरी कधी तसा हासला नाई हा." त्यांनी चष्मा सारखा केला. "माह्या बाजूले माह्याच ऑफिसचे साहेब बसले होते. मी खिडकीची काच लावून घेतली. त्यायले म्हटलं, हवा लागते."

"बाबा," अविनाश म्हणाला.

"घरी आलो आन बायोडाटा टाईप केला. मॅनेजर मी केलं तुले. घरी ये म्हटलं तेही म्हूनच म्हटलं. मले भेव होतं, दुसऱ्या कोणाले दिसशीन." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "तेव्हा हाक मारली असती तर चहा पाजला असता तू मले."

तेहेतीस वर्षं ज्या वळणदार अक्षरात त्यांनी इतरांच्या अर्जांवर शेरे मारले होते, त्याच अक्षरात रामरावांनी चौदाव्या रकान्यात लिहिलं: 'खंडाचे कारण: अर्जदाराचे वडील.' खाली सही केली, सहीखाली तारीख घातली, आणि मान पुढे काढून बसलेल्या गुलाबरावांना न दाखवता कागद अर्जुनरावांच्या हातात दिला.